गडद पॉलिशच्या बाहेरच्या लाकडाला फिकट रंग देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात, गोव्यात आणि घाटावरच्या जुन्या घरांत दारं, खिडक्यांची झडपं, पडवीचे खांब आणि कठडे बहुतेक करून गडद असतात. कुणी वॉलनट किंवा महोगनी स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) लावून वर वार्निश चढवलेलं असतं, कुणी काजूच्या टरफलांचं तेल लावलेलं असतं, तर कुणी वाळवीच्या धास्तीने गाडीचं जळकं ऑइल पाजलेलं असतं. आता त्यावर पांढरा, मोतिया किंवा फिकट निळसर रंग हवा असतो. दिवाळी जवळ आली की याबद्दलचे प्रश्न सुरू होतात, आणि पुढचा पावसाळा उलटला की पिवळ्या ओघळांनी भरलेली पांढरी दारं दिसायला लागतात. चांगलं जुनं लाकूड घाईच्या कामाखाली असं खराब होणं टाळता येतं. कसं, ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

लाकूड गडद आहे म्हणून पांढऱ्याचे तीन-चार हात मारले तर झाकलं जाईल ना?

गडदपणा झाकला जाईल, पण डाग झाकले जाणार नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिथेच पैसा वाया जातो.

पातळ पांढऱ्यातून खालचा रंग दिसणं हा फक्त रंगाच्या झाकण्याच्या ताकदीचा प्रश्न आहे. सगळीकडे एकसारखी तपकिरी झाक दिसते आणि पुढच्या हाताला ती कमी होते. डाग फुटणं निराळं. सागवान, खैर यांसारख्या लाकडांत पाण्यात विरघळणारी रंगद्रव्यं आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असतात. (खैराचं लाकूड उकळूनच कात काढतात, त्यावरून त्यात किती रंग असेल याचा अंदाज येईल.) वॉटर-बेस रंगातलं पाणी लाकडात शिरतं, ही द्रव्यं विरघळवतं आणि सुकताना त्यांना घेऊन वर येतं. जुन्या स्टेनमध्ये विरघळणारा रंग वापरला असेल तर तोही असाच वर येतो. मग पांढऱ्यावर चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि सांध्यांपाशी जास्त. त्यावर तोच पांढरा आणखी एकदा मारला की दुसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा हजर. चार हातांचा जाड थर पुढे उन्हात तडकतो ते वेगळंच.

डाग अडवायचं काम प्रायमरचं, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचं आहे, रंगाचं नाही. प्रायमर योग्य असेल तर वर रंगाचे दोन हात पुरतात.

मग आधीचा स्टेन पूर्ण काढून लाकूड कोरं करावं लागेल का?

सहसा लागत नाही. लाकडात मुरलेला स्टेन पक्का असतो, तो तिथेच राहू द्या. बघायचं ते त्याच्या वरच्या थराकडे: वार्निश, पॉलिश, पीयू (पॉलियुरेथेन). हा थर घट्ट धरून असेल तर त्याची चकाकी मोडेपर्यंत घासलं की पुरे. पोपडे सुटत असतील, नखाने टवके निघत असतील, तर तेवढा भाग घट्ट थर लागेपर्यंत काढावाच लागतो. सुटलेल्या थरावर कितीही महागडा प्रायमर मारला तरी तो त्या थरासकट खाली येणार.

घट्ट आहे की नाही, हे नजरेवर ठरवू नका. धारदार ब्लेडने थरावर दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या पाच-सहा रेघा मारून बारीक चौकडी पाडा. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर निघाले तर थर काढायचा, जागेवर राहिले तर ठेवायचा. ही चाचणी दाराच्या खालच्या भागात आणि पश्चिमेच्या बाजूला नक्की करा. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आणि दुपारचं ऊन तिथेच सर्वांत जास्त लागतं. वरच्या भागात घट्ट बसलेलं वार्निश उंबरठ्यापाशी पार सुटलेलं असतं.

आधी नेमकं काय लावलं आहे ते आम्हाला माहीतच नाही. कसं ओळखायचं?

दाराच्या मागे किंवा बिजागरीजवळ, न दिसणारी जागा निवडा. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. थर चिकट होऊन कापसाला लागला तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही, पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने मऊ पडलं, तर लॅकर किंवा त्याच जातीचा सीलर आहे. दोन्हीने काही हललं नाही तर ऑइल वार्निश, मेलामाइन किंवा पीयू समजा. वार्निश जोरदार थिनरने थोडं सुरकुततं, पीयूला ढिम्म फरक पडत नाही.

मग पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे तसेच बसून राहिले तर वर थर, मेण किंवा तेल आहे. दोन-चार मिनिटांत आत शिरले तर लाकूड उघडं पडलेलं आहे आणि प्रायमर चांगला पिईल.

फ्रेंच पॉलिश आणि मेलामाइन हे घरातल्या लाकडाचे थर आहेत. बाहेरच्या दाराला कुणी लावले असतील तर ते बहुधा पांढरट पडून सुटतच आलेले असतात. ते काढून टाकलेलेच बरे.

आमच्या कोकणातल्या घराच्या दारांना वर्षानुवर्षं काजूचं तेल लावलं जातं. त्यावर पांढरा रंग बसेल का?

बसेल, पण सर्वांत जास्त धीर इथे लागतो. काजूच्या टरफलांतून निघणारं हे तेल गडद तपकिरी, दाट आणि झोंबणारं असतं. त्यातल्या कार्डॉल आणि ॲनाकार्डिक आम्लामुळे कातडीला फोड येतात. बिब्बा याच कुळातला, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लाकूड टिकवायला ते गुणाचं आहे, म्हणूनच वासे आणि चौकटी इतकी वर्षं उभ्या आहेत.

अडचण अशी की जाड लावलेलं तेल वर्षभरानेही पूर्ण वाळलेलं नसतं. हात फिरवून बघा. उकाड्याच्या दुपारी बोटाला चिकटपणा जाणवला तर अजून रंगाची वेळ आलेली नाही. आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसत राहा, फडकं सारखं बदला. कापडाला तपकिरी डाग लागायचा जवळजवळ थांबला की दोन-तीन दिवस उघडं सोडा आणि मग घासा. घासताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क हवाच, कारण ती भुकटी घामावर बसली की खाज सुटते. यावर वॉटर-बेस प्रायमर चालणार नाही. ॲल्युमिनियम वुड प्रायमर हा सर्वांत भरवशाचा. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या पापुद्र्या एकमेकांवर कौलांसारख्या बसतात आणि खालचा रंग वर यायची वाट बंद होते. प्रत्येक दुकानात तो नसतो, मागवून घ्यावा लागतो. त्यावर पांढऱ्या ऑइल प्रायमरचा एक हात, मग रंग.

आणि जळकं ऑइल किंवा डांबर लावलेलं असेल तर?

जळकं ऑइल, म्हणजे गाडीच्या इंजिनातून काढलेलं तेल, हे खनिज तेल आहे. अळशीचं तेल हवा लागून घट्ट होतं तसं ते कधीच होत नाही. वर मारलेला रंग नीट वाळत नाही, चिकट राहतो, आणि उन्हाने तेल वर झिरपलं की रंग सोडून देतो. वाशांना किंवा कुंपणाच्या खांबांना ते पाजलं असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तिथे फिकट रंगाचा हट्ट सोडा. दाराची एखादी फळी असेल तर सुताराकडून रंधा मारून घ्या आणि आत किती मुरलंय ते बघून ठरवा. खूप मुरलं असेल तर फळी बदलणं स्वस्त पडतं.

डांबर निदान सुकतं. पण ऑइल प्रायमरमधलं टर्पेंटाइन त्याला विरघळवतं आणि पांढरा प्रायमर ब्रशखालीच तपकिरी व्हायला लागतो. जाड थर खरवडून काढा, उरलेल्यावर ॲल्युमिनियम प्रायमर भराभर, ब्रश मागे-पुढे न घोळवता मारा.

घासायचं किती? कोणत्या नंबरचा पेपर?

पोपडे निघालेल्या ठिकाणी ८० नंबर, मग सगळीकडे १२०. चकाकी गेली, पृष्ठभाग एकसारखा मळकट दिसायला लागला की थांबा. मिस्त्री कधी कधी हौसेने २२० किंवा ३२० पर्यंत जातात. पॉलिश करायचं असतं तेव्हा ते ठीक आहे. बाहेरच्या प्रायमरला धरायला थोडा खरखरीतपणा हवा, म्हणून १२० ते १५० वर काम संपवा. नेहमी रेषांच्या दिशेने.

कोरीव भाग, खाचा आणि पट्ट्यांच्या कडा यांत पेपर पोचत नाही आणि नेमका तिथूनच रंग सुटायला सुरुवात होते. तिथे घडी घातलेला पेपर किंवा बारीक घासणी वापरा. तारेचा ब्रश लाकडावर नको. त्याच्या तुटलेल्या तारा रेषांत अडकतात, गंजतात आणि पावसाळ्यात काळे ठिपके उठतात.

घासल्यावर कोरड्या ब्रशने भुकटी झाडा आणि टर्पेंटाइनच्या किंचित ओल्या फडक्याने पुसा. सागवान उघडं पडलं असेल तर आणखी एक पायरी आहे. सागात मूळचाच तेलकटपणा असतो, त्यामुळे ऑइल प्रायमर उशिरा वाळतो किंवा नीट धरत नाही. प्रायमर मारायच्या आधी, त्याच दिवशी, स्वच्छ फडक्यावर थिनर घेऊन लाकूड पुसा. थिनर उडून गेला की लगेच प्रायमर. हे आदल्या दिवशी करून उपयोग नाही, आतलं तेल पुन्हा वर येतं.

कॉस्टिक सोड्याने सगळं झटपट निघतं म्हणतात.

निघतं खरं, पण सागवान काळंठिक्कर पडतं, तंतू उठतात आणि सोडा सांध्यांत राहून जातो. वर ऑइल पेंट आला की राहिलेला सोडा त्याच्या तेलाचा साबण करतो. थर मग आतूनच मऊ पडून सुटतो. दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर आणि पुट्टीची पत्ती हे हळू असलं तरी सुरक्षित काम आहे. रिमूव्हर वापरल्यावर लाकूड थिनरने पुसून घ्या, त्यातलं मेण मागे उरतं.

प्रेशर वॉशरनेही पाणी सांध्यांत खोल घुसतं. हलका ब्रश आणि बादली पुरेशी आहे.

पॉलिशच्या खाली जुना ऑइल पेंट सापडला. घासला तर चालेल?

कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, खास करून पिवळ्या, हिरव्या आणि लाल ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. त्याची भुकटी लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. वॉटर पेपर घेऊन पाणी लावत ओलंच घासा, खाली प्लास्टिक पसरा, निघालेला गाळ गुंडाळून बाजूला ठेवा. ब्लोटॉर्चने जाळून काढायचं तर नावच नको, वाफेतून शिसं सरळ छातीत जातं. घरात तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते काम चालू असताना त्यांना दुसरीकडे पाठवा.

लाकडावर काळे डाग आहेत. ही बुरशी की आणखी काही?

डागावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका. दोन मिनिटांत डाग फिका झाला तर बुरशी किंवा शेवाळ. मग एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी असं मिश्रण लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. धुतल्याशिवाय नुसतं रंगवलं तर बुरशी नव्या रंगातून वर येते.

डाग ब्लीचने हलला नाही आणि खिळ्याच्या, कडीच्या किंवा बिजागरीच्या भोवती असेल, तर तो लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगाने झालेला आहे. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं: एक लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. डाग फिका झाला की स्वच्छ धुऊन वाळू द्या. हे विषारी आहे, हातमोजे घाला. आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. एक वापरून, पूर्ण धुऊन, वाळवून मगच दुसरं.

शिवाय कारण दूर करा. लोखंडी खिळे काढून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवा. काढता येत नसतील तर डोकी आत ठोका, त्यावर रेड ऑक्साइडचा ठिपका द्या आणि मग लांबी (भेगा-भोकं भरायची ऑइलची पुट्टी) भरा. रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे. ते सगळ्या लाकडाला फासणारे लोक आहेत, पण त्याचा तांबडा रंग पांढऱ्याखालून डोकावत राहतो.

दिवाळीच्या आधी काम उरकता येईल का?

कोकणात आणि गोव्यात मला ते पटत नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरात केव्हाही येतो आणि चार महिने भिजलेलं लाकूड वरून कोरडं दिसलं तरी आतून ओलं असतं. बाहेरच्या लाकडाला रंग देताना ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली हवा. दोन टोकांचा मॉइश्चर मीटर मिळतो, रंगाऱ्याकडे नसेल तर विकत घ्या, तो दर वर्षी कामाला येईल. त्यात ओलं लाकूड फिकट रंगाला दुप्पट बाधतं. उन्हाने आतला ओलावा बाहेर पडताना रंगाला फोड आणतो आणि जाता जाता टॅनिनही वर आणतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. सकाळी दव उडून गेल्यावर सुरू करा आणि सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी ब्रश ठेवा, म्हणजे ओल्या थरावर रात्रीचं दव पडणार नाही. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर सावली जिथे आहे ती बाजू धरा. तापलेल्या फळीवर प्रायमर आत मुरायच्या आधीच वरून सुकतो. पुण्याकडे आणि देशावर पाऊस लवकर संपतो, तिथे ऑक्टोबरच्या शेवटाकडे काम काढायला हरकत नाही.

घासून उघडं केलेलं लाकूड मात्र तसंच ठेवू नका. ऊन लाकडाच्या वरच्या पेशींना बांधून ठेवणारं लिग्निन कुजवतं आणि त्या सैल झालेल्या पेशींवर प्रायमर धरत नाही. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने हे बारकाईने अभ्यासलं आहे, आणि उघडं लाकूड दोन आठवड्यांच्या आत रंगवावं असा त्यांचा सल्ला आहे. आपल्या उन्हात मी आठवडाही जाऊ देणार नाही. आज एक दार घासलं तर आधी त्याला प्रायमर द्या, मग दुसऱ्याला हात घाला.

नेमका कोणता प्रायमर घ्यावा?

बहुतेक सागवानी दारं-खिडक्यांसाठी पांढरा, ऑइल-बेस वुड प्रायमर. टॅनिन पाण्यात विरघळतं, टर्पेंटाइनमध्ये नाही, म्हणून ऑइल-बेस प्रायमर त्याला हलवत नाही. दुकानात पांढरा आणि गुलाबी असे दोन मिळतात. फिकट रंगाखाली पांढराच मागा. गुलाबीची छटा मोतिया रंगाला सुद्धा जाणवते.

वॉटर-बेस प्रायमर हवाच असेल, वासामुळे किंवा घाईमुळे, तर डब्यावर डाग अडवणारा असा स्पष्ट उल्लेख असलेलाच घ्या आणि दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या. भिंतीचा प्रायमर लाकडाला चालत नाही, डबा कितीही उरलेला असो.

लाख-बेस प्रायमर डाग सर्वांत पक्का अडवतो, पण लाख ठिसूळ असते आणि सततच्या ओलीत पांढरी पडून सोडते. बाहेर ती फक्त ठिपक्यापुरती, गाठींवर आणि हट्टी डागांवर वापरा, आणि त्यावर ऑइल प्रायमरचा पूर्ण हात द्या.

सगळं काम हाती घेण्याआधी एक हातभर जागा निवडून तुकडा करून बघा: प्रायमर, तो वाळल्यावर वरचा रंग, आणि तोही पूर्ण वाळल्यावर ओलं फडकं तासभर चिकटवून ठेवा. तीन-चार दिवस वाट बघा. डाग आला तर तो तिथेच कळेल, सगळं घर रंगवून झाल्यावर नाही.

गाठींचं काय?

सागवानात त्रास कमी. पाइन आणि देवदारात जास्त, कारण तिथल्या गाठीत राळ असते आणि उन्हात ती पाझरते. राळ थिनरने पुसा, मेण काढलेली चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ करून गाठीवर आणि तिच्या भोवती बोटभर रुंद असे दोन पातळ हात द्या. साध्या दाणा-लाखेत मेण असतं, त्यावर प्रायमर निसटतो.

लांबी आधी भरायची की प्रायमर आधी?

प्रायमर आधी. कोऱ्या लाकडावर लांबी भरली तर लाकूड तिच्यातलं तेल शोषून घेतं, लांबी कोरडी पडते आणि वर्षभरात खपलीसारखी निघते. पहिला प्रायमर, मग भेगा आणि खिळ्यांची भोकं भरणं, घासणं, आणि भरलेल्या जागांवर पुन्हा प्रायमर. हा शेवटचा ठिपका चुकवला की वरचा रंग तिथे निस्तेज दिसतो.

भिंतीची सिमेंटची पुट्टी लाकडात भरणं हा सर्रास होणारा प्रकार आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट जागचं हलत नाही. पहिल्याच मोसमात भेग परत दिसते. बारीक भेगांना ऑइलची लांबी, मोठ्या खड्ड्यांना एपॉक्सी फिलर. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीला रंग चढणारं ॲक्रिलिक सीलंट घ्या. सिलिकॉन तिथे नको, त्यावर कुठलाच रंग चढत नाही.

प्रायमरचे हात किती आणि माल किती लागेल?

वार्निश घट्ट असलेल्या लाकडावर एक चांगला हात पुष्कळदा पुरतो. उघडं सागवान, पश्चिमेची बाजू आणि पाणी पिणाऱ्या जुन्या फळ्या यांना दोन. एक लिटर ऑइल प्रायमर एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर जातो, सुकलेल्या जुन्या लाकडावर त्याहून कमी. सात बाय तीन फुटांचं दार दोन्ही बाजूंनी चार चौरस मीटरच्या आसपास भरतं, चौकट वेगळी.

पातळ करायला डब्यावर सांगितलेलं टर्पेंटाइन आणि तेवढंच. रॉकेल घालायची जुनी सवय अजून गेलेली नाही. रॉकेल हळू उडतं, थर दिवसेंदिवस मऊ राहतो आणि चकाकी मरते. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा.

दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या. थंडीत किंवा दमट हवेत दीड-दोन दिवसही लागतात. १८० नंबरने हलकं घासल्यावर पांढरी भुकटी निघाली तर थर वाळला. पेपर चिकटून गोळ्या व्हायला लागल्या तर थांबा.

वरून ऑइल पेंट मारू की वॉटर-बेस?

पांढऱ्या आणि मोतिया रंगासाठी मी बाहेरचं वॉटर-बेस ॲक्रिलिक इनॅमल घेईन. साधं ऑइल इनॅमल सुरुवातीला देखणं, चकचकीत दिसतं, पण काळाबरोबर पिवळं पडतं, सावलीतल्या बाजूला अधिक. शिवाय ते कडक होत जातं आणि लाकडाच्या फुगण्या-आकसण्याला तडकून उत्तर देतं. ॲक्रिलिक लवचीक राहतं. ऑइल प्रायमर पूर्ण वाळला आणि हलका घासला की त्यावर ॲक्रिलिक छान बसतं. उलटं मात्र लक्षात ठेवा: प्रायमरने टॅनिन अडवलं नसेल तर ॲक्रिलिकमधलं पाणी ते पहिल्याच दिवशी उघड करतं.

दाराच्या खालच्या कडेला रंग लावायची खरंच गरज आहे का? ती दिसत तर नाही.

सर्वांत जास्त गरज तिथेच आहे. फळीचं कापलेलं तोंड फळीच्या सपाट बाजूपेक्षा कितीतरी पटीने पाणी ओढतं. दाराची खालची आणि वरची कड, चौकटीचे उंबरठ्यापाशी टेकणारे पाय, कठड्याच्या दांड्यांची टोकं यांना प्रायमरचे दोन हात हवेत, पहिला ओलसर असताना पुन्हा मुरवलेला. त्यासाठी दार बिजागरीवरून उतरवावं लागतं. मिस्त्री कुरकुर करतील, तरी उतरवा. कडी, कोयंडा, कुलूप हेही काढून ठेवा. त्यांच्याभोवती ब्रश फिरवून रंगवलेल्या दारात पाणी शिरायची पहिली जागा तीच.

दार उतरवलंच आहे तर चौकटीशी फट बघून घ्या. प्रायमर आणि रंगाचे थर मिळून जाडी वाढते, वर पावसाळ्यात लाकूड फुगतं. बंद दाराभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी राहिली पाहिजे. कमी असेल तर आत्ताच रंधा मारा, नंतर मारला तर नवा रंग सोलला जाईल.

प्रायमर मारला, तरी पिवळे पट्टे आले. आता?

आधी वाट बघा. काही डाग पहिल्या हातात येऊन संपतात. चार-पाच दिवसांनी ते वाढलेले नसतील तर त्या जागा हलक्या घासून फक्त तिथे लाख-बेस प्रायमर, त्यावर ऑइल प्रायमर आणि मग रंग. डाग वाढतच असतील तर पाणी मागून येतंय: गळकं छप्पर, चौकटीला टेकलेली ओली भिंत, किंवा रंग न लावलेली मागची बाजू. ती वाट बंद होईपर्यंत पुढचा हात मारू नका.

आमच्या वाड्याच्या दारावर कोरलेली गणेशपट्टी आहे. तीही पांढरी करावी का?

करू नये असं मला मनापासून वाटतं. खाचांत भरलेला रंग पुन्हा काढताना कोरीव काम बोथट होतं आणि ते परत येत नाही. फळ्या, झडपं, कठडे फिकट करा, गणेशपट्टी आणि नक्षीचे खांब नुसते स्वच्छ करून तेल-वार्निशमध्ये ठेवा. गडद लाकूड आणि फिकट रंग शेजारी शेजारी शोभतात. गोव्यातल्या जुन्या घरांचे बाल्काव (दर्शनी, बसायच्या ओसऱ्या) बघितले तर हे लगेच पटेल. घर वारसा यादीत असेल तर रंग बदलण्याआधी परवानगी लागते का, तेही पालिकेत विचारून घ्या.

काम संपल्यावर उरलेल्या फडक्यांचं काय करायचं?

अळशीचं तेल, ऑइल स्टेन किंवा ऑइल प्रायमर लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ही तेलं वाळताना उष्णता सोडतात. चुरगळलेल्या ढिगात ती उष्णता अडकते आणि काही तासांत आपोआप आग लागू शकते. फडकी अंगणात एकेक सुटी वाळत घाला, पूर्ण कडक झाल्यावर टाका. संध्याकाळ झाली असेल आणि वाळवायला वेळ नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा आणि डबा घराबाहेर ठेवा.